बोटीवरचं शिळं पाणी

आई, आज संध्याकाळपर्यंत बोट विकायची का नाही ते सांगायचं आहे. गिऱ्हाईक गोव्यात थांबलंय आणि आम्ही दोघं इथं कसबा बावड्यात, दादाच्या घरी. ह्यांच्या गुडघ्याला पट्टा आहे. दादानं मागच्या गल्लीत आमच्यासाठी घरही बघून ठेवलंय. आक्का रोज फोन करून विचारते, "झालं का इकून?" वहिनी भाजी निवडतेय आणि मी तिच्या शेजारी बसून हे लिहितेय, तिला वाटतं, सामानाची यादी करतेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी नोकरी संपलेली तुला माहीत नाही, बोट तर लांबच. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, बोटीवर घर कसलं करता, आणि चूल कुठं मांडता. म्हणून तेच आधी सांगते.

शिडाची बोट आहे. आपल्या जुन्या स्वयंपाकघराला जरा लांबडं केलं तर जेवढं होईल तेवढी. त्यातच जेवायचं, झोपायचं, भांडायचं. गॅसची शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. रस्सा सांडत नाही, सांडते ती मी. कपडे वाळतात म्हणायचे, पण मिठामुळं हाताला कायम ओलसर लागतात. इथून नेलेल्या कांदा-लसणाच्या चटणीला पहिल्या वर्षी बुरशी आली, तेव्हा मी माणूस गेल्यासारखी रडले होते. संडासाला हातानं पंप मारावा लागतो. आलेल्या पाहुण्याला हे समजावून सांगताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणि रुसायला दुसरी खोली नाही. एकदा मी रुसून पुढं टोकाला जाऊन बसले, तर वारं फिरलं आणि हे मागून ओरडले, "ती दोरी सोड गं!" सोडली. रुसवा तसाच राहिला, पण दोरी सोडल्यावर त्याला काही अर्थ उरला नाही.

ह्या सगळ्याची सवय होते. पाण्याची होत नाही. टाकीत भरून घेतलेलं गोडं पाणी तेवढंच आपलं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्यात नुसती बुचकळायची. केस धुवायचे ते किनाऱ्याला लागल्यावर. आणि मी वाढले कुणाच्या हाताखाली? तुझ्या! रोज सकाळी कालचं पाणी जास्वंदीला ओतल्याशिवाय तू चूल पेटवत नव्हतीस. चिंचेनं हंडा घासायचा, लख्ख करायचा, मगच ताजं भरायचं. एकदा गारगोटीचे पाहुणे भल्या सकाळी आले आणि मी घाईत आदल्या दिवशीच्या घागरीतलं पाणी दिलं. तू त्यांच्यासमोरच कडाडलीस, "पावण्याला शिळं पाणी दिलंस? लाज न्हाय वाटली?" त्या बिचाऱ्यानं ओशाळून सगळा तांब्या रिकामा केला आणि वर म्हणाला, "ग्वाड हाय की." मी परसात जाऊन रडले. आक्का मात्र खिडकीतून बघत होती, आणि तिनं ते जन्मभरासाठी शिकून घेतलं.

तर ही आक्का यंदा थंडीत आमच्याकडं राहायला आली. कारवारच्या पुढं एका ओसाड बेटाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला होता. पाणी जपून वापर म्हणून सांगितलं तर म्हणाली, "पाण्यात ऱ्हातीस आणि तांब्याभर पाण्याला हात आखडतीस व्हय गं?" दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आधी तिनं नळ सोडला. टाकीवर पंप आहे, पाणी जोरात येतं. तिला वाटलं, नळ आला. बावड्यात येतो तसा. मग काय, नळ जायच्या आत सगळं उरकायला पाहिजे! तिनं आधी राखीव कॅनमधलं शिळं पाणी समुद्रात ओतलं, ताजं भरून ठेवावं म्हणून. मग डेक धुतला, चादरी धुतल्या, माझा मीठ बसलेला गाऊनही धुतला. शेवटी कॅन नळाखाली धरला आणि नळानं एक ढेकर दिली. मी वर आले तर कॅन ओळीनं मोकळे, आणि आक्का पदर खोचून उभी.

"नळ गेला की गं," ती म्हणाली. "आता परत कवा येतोय?"

आधी मला हसू फुटलं. मग बाकीचं आठवलं. इंजिनाचा पट्टा आदल्याच दिवशी तुटला होता, वारं पडलेलं, फोनला रेंज नाही. किटलीत थोडं पाणी होतं आणि चार-दोन शहाळी. ह्यांनी शिडं चढवली आणि दिवसभर उन्हात त्या मेल्या वाऱ्याची मनधरणी करत बसले. आपल्या वाट्याचं पाणी "मी मघाशी प्यालो" म्हणून आक्काला देत होते; मला ते कळत होतं आणि तिला नव्हतं. दुपार कलताना त्यांना चक्कर आली, हातातली दोरी सुटली आणि ते गुडघ्यावर आपटले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढं मच्छीमारांची होडी दिसली, त्यांनी पाणी दिलं, ओढून बंदरात नेलं. बंदरात लागेपर्यंत आक्का तोंडात पदर धरून रडत होती. जमिनीवर पाय ठेवल्याबरोबर मात्र तिला तोंड फुटलं. "पावणं, तुमच्या हौशेपायी माझी बहीण वाळून मरंल बघा!"

हे म्हणाले, "व्हय आक्का. चुकलंच माझं."

सगळेच तसं धरून चालतात. दादा, वहिनी, शाळेतल्या माझ्या मैत्रिणी. म्हाताऱ्याला खूळ लागलंय आणि बाई निमूट मागं जातेय. आता तुला एक विचारते. राधानगरीच्या धरणापलीकडं मामाच्या मुलीचं लग्न होतं, ते आठवतं तुला? आपण होडीतून फुगवट्याचं पाणी ओलांडून गेलो. पल्याड सगळे उतरून चढाला लागले, तू उतरलीच नाहीस, म्हणून मीही बसून राहिले. नावाड्याला म्हणालीस, "एकदा परत नेऊन आण की." तो बघतच राहिला. मधोमध गेल्यावर तू डोक्यावरचा पदर खाली पडू दिलास आणि हात पाण्यात सोडलास. तुझं ते तोंड मी स्वयंपाकघरात कधी पाहिलं नव्हतं. अक्षता चुकल्या. मांडवात तू सगळ्यांना सांगितलंस, "पोरीच्या पोटात दुखाय लागलं," आणि मी लगेच पोट धरून खाली बसले. कुणी मला ओवा दिला. तो मी मुकाट्यानं खाल्ला.

बोटीची जाहिरात मी वाचली होती, आई. हे म्हणाले होते, "ह्या वयात? बरं, तुला पायजे तर बघू." शिडं शिकले, नांगर शिकले, इंजिनात हात काळे केले, सगळं माझ्यासाठी. कुणी विचारलं की मीच म्हणते, "ह्यांची हौस, काय करायचं," आणि हे हसतात. इथं आल्यापासून त्यांना गाढ झोप लागते. बोटीवर जरा दोरी वाजली की उठून बसायचे. सकाळी दादाच्या गाडीवर मागं बसून दुधाच्या कट्ट्यावर जातात, समोर पिळलेलं म्हशीचं दूध पितात, जुने दोस्त भेटतात, मिशीला फेस लावून परत येतात. मी मात्र ह्या न हलणाऱ्या पलंगावर तळमळते. मला परत जायचं आहे. त्यांचा गुडघा दिसतो, सगळं दिसतं, आणि तरी जायचं आहे.

एवढं लिहिलं आणि दादा बाहेरून आला. "पावणं, गिऱ्हाईक दमलं की. काय सांगू? इकायची न्हवं?"

ह्यांनी सोफ्यावरून दारातून माझ्याकडं बघितलं. "इका" एवढंच म्हणायचं होतं मला, एक शब्द. जीभ वळली नाही. मग त्यांनी गुडघ्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि दादाला म्हणाले, "न्हाय इकायची. मला काय हितं करमत न्हाय बघा."

"कमाल हाय तुमची!" दादा भडकला. "त्या बिचारीचा तरी इचार करा की जरा!"

वहिनीनं भाजी निवडायची थांबवून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली, बिचारीसारखी. हा कागद आता कुठं तरी सारायला पाहिजे, ह्यांच्या हाताला लागता कामा नये. आणि आई, तुला म्हणून सांगते, मान खाली होती तेव्हा मी हसत होते.