तुमच्या ट्रॅकवरची माझी फेरी

प्रिय अहो,

नाव लिहून सुरुवात करावी म्हटलं, पण उखाण्याशिवाय तुमचं नाव कधी घेतलंय मी? तेव्हा ‘अहो’च राहू द्या.

काल तुमच्या ट्रॅकवर पळून आले. खरंच! आज पोटऱ्या अशा भरून आल्यात की उठताना भिंत धरावी लागतेय. आणि हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की कंपनीनं यंदा कामगारांच्या घरच्यांसाठी फन रन ठेवली. जिथे तुम्ही नव्या गाड्या पळवून बघायचात, तिथे बायकापोरांनी पळायचं. तुमच्या सुपरवायझरनं आठवणीनं फोन केला. मी म्हटलं, ते गेल्यावर आता माझं काय काम तिथं? पण आपल्या पल्लवीनं परस्पर नाव घातलं, म्हणाली मीही येते. अन् ऐनवेळी तिच्या बाळाला ताप आला. ती तिकडं पुनावळ्यात तिच्या घरीच अडकली, मी गेले एकटीच.

कशासाठी गेले, सांगू? तुमचं सगळं बोलणं जिथं संपून जायचं, ती जागा मला बघायची होती. घरी यायचात, हातपाय धुवायचात, ‘वाढ’ म्हणायचात, की झालं. नव्या गाड्यांबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही, हा तुमच्या कामाचा नियम. तो मी पाळला, कधी खोदून विचारलं नाही. पण मी काय कंपनीची नवी गाडी होते, की माझ्याशीही बोलायचं नाही?

माझी आई गेली तेव्हासुद्धा? देहूरोडला तिला पोचवून आपण रात्री निघोज्याला परत आलो. तुम्ही दोन घास खाल्लेत, कूस बदललीत आणि सकाळी शिफ्टला निघून गेलात. मी चुलीपाशी बसून राहिले. ते मी गिळलं, पण पचलं कधीच नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही रडता रडता मधेच तेच आठवलं. या माणसाला माझं काही वाटायचं की नाही, एवढं एकदा कळायला हवं होतं हो मला.

असो. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला. फोटो काढता येईनात, म्हणून सगळे आपापल्या माणसांकडे बघून नुसते हसत होते. मी कंपनीनं दिलेल्या टी-शर्टची बाही ओढत उभी. पंजाबी ड्रेसवर टी-शर्ट, तुम्ही बघितलं असतं तर तोंड फिरवून हसला असतात.

आणि केवढा मोठा तो ट्रॅक! ना दुकान, ना झाड. वळणावर रस्ता एका अंगानं असा वर चढतो, की कौलांवरून चालल्यासारखं वाटलं. थोडी पळाले, मग चालले. पुढची माणसं दिसेनाशी झाली, मागं कोणी नव्हतंच. रोज इथं तुम्ही एकटे फिरत होतात, हे तेव्हा पहिल्यांदा अंगाला कळलं.

लांबच्या वळणावर सरबताचं टेबल होतं. तिथल्या पिकल्या दाढीच्या माणसानं माझ्या छातीवरच्या कागदावरचं नाव वाचलं आणि विचारलं, “सुमनवहिनी ना? डावा गुडघा काय म्हणतोय?”

मी चमकलेच. या परक्या माणसाला माझा गुडघा कसा ठाऊक?

ते तुमच्या कंट्रोल रूममधले मुलाणीभाऊ. आधी सांगेनात, मग म्हणाले, आता काय लपवायचं. तुमच्या सीटच्या पट्ट्याखाली वॉकीटॉकीचं बटण दाबलं जायचं म्हणे, आणि तुमचं सगळं त्यांना ऐकू जायचं. तुम्ही गाडीत बोलत असायचात. माझ्याशी! भेंडीत मीठ कमी होतं, पण बोललो असतो तर तू जेवली नसतीस. तुझा गुडघा दुखतोय, डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. तुम्हाला नंतर शंका यायची, काही ऐकू आलं का म्हणून विचारायचात, तर सगळे सांगायचे, छे, नुसती खरखर होती. खरं सांगितलं असतं तर लाजून तुम्ही गाडीतही बोलला नसतात.

“आम्हाला वाटायचं,” मुलाणीभाऊ म्हणाले, “घरी गेल्यावर हेच परत तुम्हाला सांगत असतील.”

मला रागच आला. माझ्या भेंडीचं साऱ्या कंट्रोल रूमला ठाऊक, आणि मला नाही! पण सरबत हातात तसंच धरून मी विचारलं, माझी आई गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय बोलले?

त्यांनी हातातलं सरबताचं भांडं टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “त्या दिवशी रडत होते, वहिनी. सारखं एकच. सुमन, तुझ्याशी काय बोलावं ते सुचत न्हाई गं मला.”

अहो, एवढंच बोलला असतात! हेच, असंच. मला आणखी काय हवं होतं? आपण दोघं त्या रात्री चुलीपाशी रडलो असतो.

उरलेला ट्रॅक मी तुमच्याशी भांडत, मोठ्यानं बोलत पार केला. ऐकायला कोणी नव्हतं. शेवटच्या रेषेवर एका पोरीनं गळ्यात मेडल घातलं, तेव्हा माझा चेहरा बघून ती घाबरली बिचारी. तिथले पोहेही न खाता घरी आले.

आणि आज हे एवढं लिहून झाल्यावर माझंच मला हसू आलं. मी तरी काय करतेय? घर खायला उठतं, दुपारी कूकर लावावासा वाटत नाही, आठवडाभर चहा-बिस्किटांवर काढते, हे तुम्हाला सांगतेय. पल्लवी रोज संध्याकाळी फोन करते, तिला मात्र म्हणते, सगळं छान आहे गं.

तर तुम्हाला शब्द देते. आता तिचा फोन येईल. ‘आई, जेवलीस का?’ असं ती विचारेल. आज मी ‘हो’ म्हणणार नाही.

तुमचीच,
सुमन