कॅरीपुढची कोरी जागा

हिंगोली,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

माझ्या थोरल्या बहिणीला, बाईला, हिरासिंगचा पायावर डोकं ठेवून रामराम.

इकडं आमी सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? मिना तेल चोळून देते का, की नुसती मोबाईलात तोंड घालून बसते? मिना, पोरी, हे तुझ्याबद्दलच आहे, गाळायचं न्हाई. आजीला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचं. आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीतच लिहिणार होतो, पण तुला मराठी वाचायची सवय, म्हणून मराठीत लिहून राहिलो.

बाई, पत्राला कारण असं की तांड्यातल्या लेकरांसाठी मी शब्दांचं एक पुस्तक करून राहिलो. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, आपल्या बोलीतला अर्थ, अन् खाली एक वाक्य. नेम एकच, वाक्य खरं पाहिजे, खरोखर घडलेलं. जन्मभर पोरांना ‘राम आंबा खातो’ शिकवलं. कोण राम अन् कुठला आंबा! वीट आला त्याचा. तीनशे शब्द झाले. सोमवारी पुस्तक छापायला जाणार, अन् एका शब्दापुढची जागा अजून कोरीच आहे. तो शब्द कॅरी.

तसा साधाच शब्द. वाहून नेणं. आपल्यात घागर डोक्यावर घ्यायची, मोळी पाठीवर टाकायची, लेकरू कडेवर घ्यायचं. इंग्रज सगळ्याला कॅरी म्हणून मोकळा. बेरजेतला हातचा घेतला तरी कॅरी. बाई पोटुशी असली तरी कॅरी. आवाज लांबवर ऐकू गेला, त्यालाही कॅरी. मूळ शोधत गेलो तर निघाली चाकाची गाडी. दोन हजार वर्षांमागं तिकडं कुठल्याशा लोकांची गाडी होती, तिच्या नावावरनं फिरत फिरत हा शब्द झाला. मोटारीला आपण कार म्हणतो ना, ती याचीच बहीण. मला हसूच आलं. आपल्या वाडवडलांनी मीठ न् धान्य बैलांच्या पाठीवर लादून सारा मुलूख पालथा घातला, कुठं चाक न्हाई की आख न्हाई.

हे असलं वाचता वाचता दुपारचा डोळा लागतो. रोज एकच दिसतं. धुळीत बैलांची रांग चाललेली असते, घंटा वाजत असतात, अन् मी उंचावर डुलत असतो. बैलावर न्हाई. कानाशी तुझ्या हातभर बांगड्या वाजत असतात. खाली ओढ्याचं पाणी असतं अन् माझे पाय कोरडे असतात. ओढा सरतो, वाट सरते, शाळाही मागं पडते, तरी तू मला खाली उतरवत न्हाईस. जाग आली तरी अंग डुलतच असतं. तुझी भावजय विचारते, “झोपेत हसता काहून?” तिला काय सांगू?

अकरा वर्षांची होतीस तू, अन् मी सहा वर्षांचा घोडा. उचलल्याशिवाय शाळेला जायचोच न्हाई. दोन पावसाळे तू मला कडेवर साखऱ्याच्या शाळेत नेलंस. मी आत पाटीवर, तू बाहेर लिंबाखाली.

यंदा हळद चांगली आहे म्हणतात. आमच्या शेजाऱ्याची तर कंबरेला लागली. बघ, पळालो ना पुन्हा! हळदीचं तुला मी काय सांगायचं? मुद्द्याचं लिहितो.

आठवीला मी पुसेगावात होतो. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर कॅरी लिहिलं अन् वाक्य करा म्हणले. मी खिडकीतनं बाहेर बघितलं तर तू येऊन राहिली होतीस. आरशांचा घागरा, कांचळी, डोक्यावर गाठोडं. सहावा महिना होता तुला, दिपक पोटात होता. मी उठलो अन् इंग्रजीत म्हणलो, ‘एक बाई डोक्यावर ओझं वाहून नेत आहे.’ एक चूक न्हाई. सर खूश झाले. “शाब्बास! कोण आहे रे ती? ओळखीची का?” सगळा वर्ग खिडकीकडं वळला अन् तुझ्या घागऱ्याला हसायला लागला. मी म्हणलो, “न्हाई सर.”

तोवर तू खिडकीपाशी पोचली होतीस. मी आजवर मनाला समजावत आलो, माझा आवाज बाहेर गेला नसंल. पण तू गाठोडं ओट्यावर ठेवलंस अन् मला न भेटता तशीच माघारी फिरलीस. मागनं सोडलं तर आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अन् दप्तरासाठी तुझ्या हातची टाके घातलेली पिशवी. पुढं सुट्टीत घरी आलो तर तू मला गुरुजी म्हणायला लागलीस. आठवीतल्या पोराला! तांड्याला वाटलं, कौतुकानं म्हणते. “गुरुजी, बसा. गुरुजी, चहा घ्या.” मागच्या महिन्यात दिवाळीलाही तेच. अगं, एक थोबाडीत द्यायची होतीस, शिव्या घालायच्या होत्यास. तू अहो-जाहो केलंस, अन् तेच मला जिव्हारी लागलं.

लाज वाटली होती मला, बाई. तुझी लाज वाटली. जिच्या कडेवर बसून शाळेत गेलो, तिचीच शाळेत लाज वाटली.

मिना, थांबू नको. आजी उठून चालली असंल तर मागं जाऊन वाच.

त्या कोऱ्या जागी मला लिहायचंय, ‘माझी बहीण मिराबाई हिनं मला कडेवर शाळेत नेलं.’ नावासकट. पण एकदा तुला न विचारता तुझं वाक्य केलं, पुन्हा ते पाप नको. सोमवारच्या आत मिनाच्या फोनवरनं मला एक हाक मार. माफ केलं म्हणू नको, काहीच म्हणू नको. नुसतं लहानपणीसारखं हिऱ्या म्हणलीस तर छापीन. गुरुजी म्हणलीस तर जागा कोरीच राहील, अन् लेकरांनी विचारलं तर काहून कोरी, ते मी खरं खरं सांगीन.

सर आता राहिले न्हाईत, पण त्यांचा प्रश्न राहिलाय. व्हय सर, ओळखीची आहे. माझी थोरली बहीण आहे ती, मलाच भाकरी घेऊन आलीय.

एवढं उत्तर द्यायला म्हातारा झालेला,
तुझा हिऱ्या