माशाच्या तेलाची गोळी

३ मार्च

बाईंच्या मुलीचा फोन. "ताई, आईचा जुना स्कॅन तुमच्या लॅबमध्ये असेल का? डॉक्टरांना आताच्याशी ताडून बघायचाय." बाई हल्ली विसरतात. परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेल्या. मेंदू वयाने आक्रसलाय की आजाराने, हे जुन्या स्कॅनशिवाय कळणार नाही म्हणे.

ज्यांनी मला मेंदू बघायला शिकवला, त्यांचाच आता मी मोजायचा!

४ मार्च

बाईंच्या नावाची फाइल सापडली. पण ती वाचणारा प्रोग्राम फक्त आमच्या जुन्या विंडोज मशीनवर चालतो. अडगळीतून ते काढलं, धूळ झटकली. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, कर्सर लुकलुकायला लागला आणि मी एकदम बावीस वर्षांची झाले. मागे बाई उभ्या, हातात चहाचा कप. "माउसला हात लावायचा नाही. हुकूम द्यायचा. आणि नीट द्यायचा."

दिला. मशीन म्हणतं, फाइल सापडत नाही! पुन्हा दिला. सापडत नाही! नाकी नऊ आले. मग ट्यूब पेटली – फोल्डरच्या नावात मधे मोकळी जागा आहे, आणि मी अवतरणचिन्हं घातलीच नव्हती. बाईंचं ठरलेलं वाक्य होतं यावर : "नाव तोडून सांगितलंस तर तो बिचारा अर्ध्याच माणसाला शोधत बसणार."

५ मार्च

मुलीने पाठवलेला नवा स्कॅन जुन्याशी ताडणं चालू आहे. ओळी सरकताहेत. उद्यापर्यंत होईल.

नुसती बघत बसले. लॅबचा दंडक आठवला – नव्या माणसाने आधी स्वतः स्कॅनरमध्ये झोपायचं. "आपलं डोकं दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या डोक्यात डोकावायचं नाही." माझी पाचावर धारण बसली होती. तर बाई म्हणाल्या, "तू झोप, तुझ्यामागून मीही झोपते." उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची गोळी चिकटवायची. चित्रात ती पांढरी उठून दिसते, मग डावं-उजवं चुकत नाही. किती हसलो होतो त्या दिवशी! फार आठवतात ते दिवस.

६ मार्च

आकडे आले. आठवणींच्या भागात मोठी घट. वयाची नव्हे, आजाराची.

चित्रात गोळी डावीकडे दिसली. जुने प्रोग्राम बाजू उलट्या दाखवतात, म्हणून सोडून दिलं. मुलीला फोन करायचा धीर झाला नाही.

८ मार्च

स्वतःच गेले. बाईंनी ओळखलं. चहा हवा का, हे तीनदा विचारलं. मुलीला लॅपटॉपवर चित्र दाखवत होते. तेवढ्यात बाई चष्मा लावून मधे आल्या.

"हे माझं नाही गं. तुझं आहे."

"बाई, फाइलवर तुमचं नाव आहे."

"असेल. नावं अदलाबदल झाली असतील, एकाच दिवशी तर झोपलो होतो. गोळी बघ. घाबरून डावीकडे लावलीस तू. मी म्हटलं, राहू दे तशीच, जन्मभर लक्षात राहील."

माझ्या राहिलं नव्हतं. रडूच आलं मला.

१० मार्च

माझ्या नावाची फाइल लावली. गोळी उजवीकडे. घट आहे – पण वयाची, तेवढीच. मुलीला फोन केला. तिने तिथूनच आईला ओरडून सांगितलं. मागून बाईंचा आवाज : "गोळी बघितलीस का म्हणावं या वेळी!"