शांताबाईंच्या बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ

अजून कानात त्या बांगड्याच वाजताहेत.

काल बोरी अरबच्या शांताबाईंची अँजिओप्लास्टी केली, मनगटातून. केवढंसं ते मनगट! बांगड्या उतरवल्या, त्या नवऱ्यानं रुमालात बांधून खिशात ठेवल्या. नेहमीची नळी मी हातात घेतली आणि परत ठेवली. बारीक मागितली. "मॅडम, मधेच काम अडलं तर?" सिस्टर म्हणाल्या. खरंच होतं त्यांचं, बारीक नळीतून सगळं सामान जात नाही. पण जाड नळीनं नस फाटली असती, हात सुजला असता तर? स्टेंट नीट बसला, तरी रात्रभर ते मनगटच डोळ्यांपुढे.

आज सुट्टी द्यायला गेले, तर बाई नवऱ्यावर तडकलेल्या. "अवो, द्या न माह्या बांगड्या! कायले धरून बसले?"

नवऱ्यानं रुमाल सोडला. त्याच हातात बाई एकेक बांगडी चढवू लागल्या. मी श्वास रोखून बघतेय. सगळ्या सरकन गेल्या.

"तंग नाही ना होत?"

"तंग कायच्या? मापाच्याच हायेत माह्या," म्हणत त्यांनी हात हलवून बांगड्या वाजवून दाखवल्या.

तपासणी तिथंच संपली होती. तरी मी त्यांना आणखी एकदा हात हलवायला सांगितलं. उगाचच.