दुसरी शेगडी

३ फेब्रुवारी, अकोला
दर्यापूरच्या सभेसाठी भाषणाची सुरुवात जुळवते आहे. "काम गेलेल्या भावांनो, आणि त्यांचं ताट वाढणाऱ्या बहिणींनो, नोकरी एकाची जाते आणि झडती सगळ्या घराची होते!" बरी आहे. 'झडती' हा शब्द ठेवायचा.
या वाक्याचा पहिला श्रोता घरातच बसलाय. विजू, माझा धाकटा भाऊ. अमरावतीचा कारखाना बंद पडल्यापासून ओट्यावर पेपर धरून बसतो. वाचत नाही, नुसता धरतो. बेरोजगार भत्त्याचा त्याचा अर्ज आज परत आला. कारण: कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक.
उत्पन्न कुणाचं? माझं. कॉलेजातल्या मास्तरकीची पेन्शन.
लग्न केलं नाही तेव्हा सगळे म्हणाले, लेक ती परक्याचीच, हिचं या घरात काय? आता साठी उलटल्यावर शासन म्हणतं, बाई, हे घर म्हणजे तुम्हीच. मान मिळाला तो असा.

५ फेब्रुवारी
सुनंदाबरोबर कचेरीत. सुनंदा म्हणजे विजूची बायको. गेली वीस वर्षं माझ्या ताटात पडणारी भाकरी तिच्या हातची.
बाबू सज्जन होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, पेन्शनचं सोडा, यांच्या नावावर बचत गटातली शिल्लक पण दिसते. ती मुलीच्या, पिंकीच्या, नर्सिंगची. सु.ने तसं सांगितलं. तो म्हणाला, कशासाठी आहे याचा रकाना नाही. आहे की नाही, एवढाच आहे.
सु.: "म्हंजे साहेब, उडवले असते तं मी गरीब झाली असती?"
बाबू हसला. मी हसले नाही. सभेत तासभर बोलून मी जे सांगते, ते तिने एका वाक्यात सांगितलं.
निघताना तो हळूच म्हणाला, "चूल वेगळी दाखवा ना, मॅडम. ताई वेगळ्या, हे वेगळे. सगळेच दाखवतात. दोघांनी सही करायची, मग तलाठी येऊन पाहून जातो."

८ फेब्रुवारी, दर्यापूरहून परत
सभा दणक्यात. झडतीला टाळ्या. बचतीवर बोलले: जपून राहणाऱ्याला शिक्षा आणि उधळ्याला बक्षीस, हा कुठला न्याय? मग कुटुंबावर. माणूस माणसाला धरून राहतो ती माया असते, ते उत्पन्न नसतं. लोक उभे राहिले.
खाली उतरल्यावर एका बाईने हात धरला. "बेस बोल्ल्या मॅडम. पण फार्मात लिवू काय, थे सांगा."
 जीपमध्ये अकोल्यापर्यंत तेच डोक्यात.

९ फेब्रुवारी
मागच्या खोलीत शेगडी! स्टुलावर, शेजारी छोटं सिलिंडर, वर एक पातेलं पालथं. ओळखीची वाटली. प्रमिलाबाईंची, कोपऱ्यावरच्या. चौकशी लागली की ही शेगडी त्या घरी मुक्कामाला जाते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आणि मलाच नाही. मागच्या खेपेला तलाठी प्रमिलाबाईंना म्हणाला म्हणे, "काकू, हिचं डावं बटन ढिलं हाये ना अजून?" आणि पाहणी झाली असं लिहून गेला.
सु. कागद घेऊन आली. 'आम्ही विभक्त राहतो.' खाली विजूची सही झालेली. माझी जागा रिकामी.
नाही म्हणाले. काल ज्या तोंडाने नियमाला खोटं म्हटलं, त्याच तोंडाने आज...
"ताई, साऱ्या गल्लीनं केलं. तुमी काय लई वरच्या हाये काय?"
म्हटलं, वरची नाही. पण आपण खोटी सही केली की त्यांचा नियम खरा ठरतो.
तिने पालथं पातेलं उचलून सरळ ठेवलं. "खोटं नाही चालत ना तुमाले? बरं. मंग खरंच करतो."
वाटलं, रागाने बोलली.

११ फेब्रुवारी
रागाने नव्हती.
प्रमिलाबाईंची शेगडी परत गेली. सु.ने गटातून पैसे काढले. पिंकीची यंदाची फी एकदम भरून टाकली, उरल्यात नवी शेगडी आणून मागच्या खोलीत आपली चूल मांडली. बचतही मिटली, चूलही झाली. एवढी सरळ रीत मला इतक्या सभांत सापडली नव्हती.
संध्याकाळी पीठ, डाळ, तिखट मोजून दोन वाटे केले. स्वयंपाकघर मला, तवाही मला ठेवला. "जुना हाये, तुमाले सोपा जाईन."

१२ फेब्रुवारी
भाकरी थापता येत नाही. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते. स्त्रीच्या श्रमावर किती व्याख्यानं दिली! पहिली भाकरी परातीलाच चिकटली, दुसरी तव्यावर फाटली. तिसरी खाल्ली.
भिंतीपलीकडे फोडणीचा वास. एकाच छपराखाली दोन फोडण्या. आई असती तर...

१५ फेब्रुवारी
विजू आता जेवायला मागच्या दाराने जातो. माझ्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून. आज मीच ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, काहून बोलत नाहीस? (मलाही शेवटी 'का'ऐवजी 'काहून'च येतं.)
पेपर खाली न ठेवता म्हणाला, "तू सही केली असती तं कागद खोटा झाला असता, घर खरं राह्यलं असतं. आता कागद खरा हाये."
म्हटलं, घर नियमाने फोडलं, मी नाही.
"नियमानं फोडलं अन् तुह्या खऱ्यानंबी. कोनाचा घाव कोनता, मले निवडता येत नाही, ताई."
माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं. भाषणाच्या वहीत लिहून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, बाळापूर
सभा. 'माया, उत्पन्न नव्हे' हे वाक्य अर्ध्यावरच सोडलं. लोकांना वाटलं भाषणाचा भाग. टाळ्या.

२१ फेब्रुवारी
सही केली. 'आम्ही विभक्त राहतो.' आता त्यात खोटं काही नाही. नेहमीसारखीच सुबक आली, याचंच वाईट वाटलं.
सु.ने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. "झालं," म्हणाली. मीही म्हटलं, झालं. 

२६ फेब्रुवारी
तलाठी मंगळवारी येणार. प्रमिलाबाई पढवून गेल्या: आता बटणं पाहून भागत नाही. तो विचारतो, एकमेकींचं खाता काय? वाटी इकडून तिकडे जाते काय? गेली तर चूल एक धरतात.
सोमवारी कचेरीसमोर आपली सभा. अमरावती, दर्यापूर, बाळापूर, सगळीकडून लोक येतील. दर्यापूरच्या त्या बाईला यावेळी उत्तर द्यायचंच. काय करायचं, ते सभेआधी वाटायच्या पत्रकात, एका ओळीत. सुचलं. लिहिलं: "प्रत्येकाने घरातली दुसरी शेगडी घेऊन या आणि कचेरीच्या दारात ठेवा. म्हणा, ही तुमच्या नियमाची आहे, तुम्हीच ठेवून घ्या."
 मग आठवलं, मंगळवारी आपल्याच घरी काय होईल.

२८ फेब्रुवारी
लपवायचं नाही म्हणून सु.ला पत्रक वाचून दाखवलं. सोमवारी शेगडी बाहेर काढली तर मंगळवारी विजूचा अर्ज गेला, हे तिला सांगावं लागलं नाही. भत्ता मिळाला तर पुढच्या वर्षाची पिंकीची फी निघेल, हे मला सांगावं लागलं नाही.
पदराला हात पुसत म्हणाली, "बाकीच्यायची असंन दुसरी, ताई. माही तं आता पयलीच झाली. तिच्यावर माह्या घरचं शिजते."
"येशील?"
"पाहू."
गेली. मी खोलीत आले तर खिडकीत वाटी, वर ताटली झाकलेली. बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा. बोलवायला कुणी आलं नाही, आवाजही नाही. खाल्ला तर मंगळवारी तलाठ्याला 'नाही' म्हणता येणार नाही. परत केला तर कागद खरा ठरतो, आणि मग...
वाटी अजून गरम आहे. ती समोर ठेवूनच पत्रकाची शेवटची ओळ दुरुस्त केली. 'दुसरी' खोडलं.

"काम गेलेल्या भावांनो, त्यांचं ताट वाढणाऱ्या बहिणींनो, सोमवारी अकरा वाजता कचेरीसमोर या. येताना घरातली शेगडी आणा. पहिली कोणती, दुसरी कोणती, ते त्यांना ओळखू द्या."