गिटारीला एसी

अण्णा नगर, चेन्नई
६ जुलै २०२४

ती. विद्युलतामावशीस,
रुचाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं पटत नाही, म्हणून पत्रच.

माझे सासरे, जनकोजीराव, म्हणजे आमचे आप्पा, पूर्वी कोडंबाक्कमच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना बेस गिटार वाजवायचे. लग्नात तू विचारलं होतंस, तंबोऱ्यासारखं मागे बसून का? हो, तसंच. चार जाड तारांची, १९६२ सालची अमेरिकन गिटार. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका वादकाकडून आप्पांनी तरुणपणी घेतलेली. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून वाजवत.

मागच्या आठवड्यात बंगळुरूहून महेश नावाचे गृहस्थ आले. जुन्या गिटारी जमवतात. भिंग लावून त्यांनी स्क्रू तपासले, लाकडाचा वास घेतला, आणि अठरा लाख देतो म्हणाले! का, तर रंग मूळचा, स्क्रू मूळचे, ओरखडेसुद्धा मूळचे. अशा फार थोड्या उरल्यात आणि तो नाद नव्या लाकडात उतरत नाही, म्हणे. ऑगस्टअखेर न्यायला येतो, तोवर पुसूही नका, असं बजावून गेले.

तेव्हापासून गिटार आमच्या बेडरूममध्ये एसीत, आणि विजयेंद्र अन् मी हॉलमध्ये पंख्याखाली. हा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात आहे, पण घरी येऊन आधी गिटारीचं तापमान बघतो. दिवाळीलाही फोन न करणारी नणंद श्रीरंजनी रोज तिची तब्येत विचारते. आप्पांनी हात लावला की सगळे ओरडतो. मीसुद्धा. त्या पैशांत मोठं घर, तिसरी बेडरूम दिसायला लागलीय गं.

लोभ आहे तेवढाच पुरे. वाढवावासा वाटलाच तर सोबत लोणचं पाठव.

तुझी,
रुचा

मिरज
१५ जुलै २०२४

चि. सौ. रुचास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ओरखड्यांनी भाव वाढतो हे ऐकून ते एकदम ताठ बसले. मी म्हटलं, तुमचे दोन्ही गुडघे आणि वरचे दात बदललेले, तुम्हाला गिऱ्हाईक मिळायचं नाही.

इथे तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर कारागीर जोडून देतो आणि माणूस गायला बसतो. ओरखड्याचे पैसे मोजणारा मी तरी पाहिला नाही. असेल बाई शहरात.

पण तुझ्या पत्रात बंगळुरूचा माणूस बोलला, नवरा बोलला, नणंद बोलली. व्याह्यांचं एक वाक्य नाही. त्यांना कुणी विचारलं का? विचार आणि कळव.

लोणचं पाठवते. आशीर्वाद नेहमीच्याच भावात.

मावशी

अण्णा नगर, चेन्नई
४ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारलं. आप्पा म्हणाले, तिरुवल्लिकेणीचा त्यांचा मित्र चंद्रमौळी, व्हायोलिनवाला, पंचवीस तारखेला ऐंशीचा होतोय. जुन्या वाद्यवृंदातले उरलेसुरले तिथे जमून वाजवणार आहेत. तेवढं या गिटारीवर वाजवू द्या, मग खुशाल विका.

विजयेंद्र म्हणाला, गर्दीत कुणाचा धक्का लागला तर? नवीकोरी आणून देतो, ती वाजवा. आप्पा म्हणाले, या वयात हाताला नवी ओळख करून द्यायला वेळ नाही. विजयेंद्र आवाज चढवून म्हणाला की गिटार हलणार नाही. आप्पांनी ताट तसंच सरकवलं आणि उठले. बापलेक त्यानंतर बोललेले नाहीत. आमसुलाचं सार कुणीच प्यायलं नाही, आणि तुला माहीत आहे, सार मला एवढं एकच जमतं.

लोणचं मिळालं. घरात तेवढंच गोड आहे.

रुचा

अण्णा नगर, चेन्नई
२७ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच.

पंधरा दिवसांपूर्वी मी शाळेत शिकवून घरी आले तर एसी चालू आणि खोली रिकामी. संध्याकाळी आप्पा आले, वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, गुंडाळलेली गिटार घेऊन. उलगडली. पिवळीजर्द! तिरुवल्लिकेणीत ऑटोरिक्षा रंगवणाऱ्याकडून त्यांनी तिला रिक्षाचा रंग मारून आणला होता. म्हणाले, आता ही अठरा लाखांची नाही, म्हणजे माझी. पोदुम! त्यांचं पुरे हे नेहमी तमिळमध्येच असतं.

विजयेंद्रनं गिटार उजेडाकडे धरली. मग अंगठा फिरवून म्हणाला की प्रायमर नाही, रंगाचे ओघळ आलेत, घरात रंगखात्यातला मुलगा असताना असल्या माणसाकडे जायचं? यावर आप्पा हसले आणि मला रडू आलं. रविवारी गच्चीवर त्यानं सगळं घासून पुन्हा रंग दिला. पिवळाच, पण काचेसारखा.

महेशना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आतले भाग तरी मूळचे आहेत, सात लाख देतो. विजयेंद्रनंच नको सांगितलं. श्रीरंजनी तासभर रडली आणि कार्यक्रमात पुढची खुर्ची धरायला सांगितली.

आणि परवाचा तो कार्यक्रम! सगळे म्हातारे भन्नाट वाजवत होते. पण खरं सांगू, आप्पांचा आवाज यातला कुठला हेच मला कळेना. विजयेंद्रला हळूच विचारलं, तर त्यालाही सांगता येईना. एवढ्यात गाण्याच्या मध्येच आप्पांनी तारांवरून हात उचलला. मावशी, गाण्याच्या पायाखालची जमीनच गेली. गाणाऱ्या बाई गोंधळून मागे वळल्या, चंद्रमौळींचा गज अडखळला, केसरीभात खाणारे चमचा तोंडाशी धरून त्या पिवळ्या गिटारीकडे बघायला लागले. आप्पांनी सगळ्यांना क्षणभर तसंच टांगून ठेवलं, थेट विजयेंद्रकडे पाहिलं, आणि बोट पुन्हा तारेवर ठेवलं.

यानं माझा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी वाकली.

आज लोभ मागत नाही, माझ्याकडूनच थोडा पाठवतेय. काकांना नमस्कार.

तुझी,
रुचा