खालचं बूच आधी उघडलं त्याबद्दल

तीर्थरूप भावोजी,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर मी नुसता सवयीने लिहीत आलो. या वेळी आठही अंगं फरशीला टेकवून झालेली आहेत आणि आठही दुखतायत, तेव्हा खात्रीने लिहितो.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जहाजाच्या इंजिनखोलीत उकाड्याने जीव नकोसा होतो असं ताई सांगते, तेव्हा पाणी भरपूर पीत जा. इकडे सर्व ठीक. ताईची प्रकृती उत्तम. आमच्या हिची कंबर मधूनमधून धरते. माझ्या नाकावर थोडी सूज आहे, ती उतरतेय. तुमची गाडीही आता बरी आहे. ‘आता’ या शब्दापाशी तुम्ही थबकला असाल, तर जरा खुर्ची ओढून बसून घ्या.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही काही बोलत नाही, नुसता एक लांब श्वास सोडता, आणि तो ऐकला की मी मुद्दा सोडून हवापाण्याकडे वळतो. मागे तुमच्या कपाटाची काच माझ्या हातून फुटली, तेव्हा आपण बराच वेळ ढगांवर बोललो होतो. म्हणून पत्र. पत्राला श्वास ऐकू येत नाही.

आधी एक गुपित फोडतो, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. ताई गाडी चालवायला शिकली.

हो, आपलीच ताई. तुमची बायको. तुम्ही जहाजावर गेलात आणि पुढच्याच आठवड्यात ती माझ्या चष्म्याच्या दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत फ्रेमा बघत उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, “मला गाडी शिकव. ह्यांना कळता कामा नये.” मी म्हटलं, चौपन्नाव्या वर्षी? ती म्हणाली, “म्हणूनच घाई आहे.” तिचा बेत साधा होता. तुम्ही परत याल त्या दिवशी तुम्हाला आणायला स्टेशनवर तिने एकटीने यायचं. तुम्ही नेहमीप्रमाणे टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायला पुढे व्हाल, तर समोर तुमचीच गाडी आणि आत ही. तुमचं तोंड कसं होईल हे ती मला करून दाखवायची. (हुबेहूब करते. एकदा करून दाखवायला सांगा. म्हणजे, सांगू नका.)

रोज सकाळी आम्ही सिमेंटच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात जायचो. सुरुवातीला ती क्लच असा सोडायची की माझा चष्मा मांडीवर यायचा. पण नेट सोडला नाही तिने. उलटं घेणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, दोन पिंपांच्या मधे गाडी लावणं, सगळं तिने तुमच्याच गाडीवर घोटून घोटून बसवलं. परीक्षेला स्वतःची गाडी नेलेली चालते. सोमवार सकाळची तारीख मिळाली. झालं, आता नुसतं जायचं आणि पास होऊन यायचं, इतकं सरळ होतं सगळं. त्यात मी हात घातला.

गाडीच्या मागच्या अंगाने एक आवाज यायचा. हूंऽऽ असा, वेग वाढला की वाढणारा. ताईला त्याची धास्ती वाटायची, की परीक्षकाला वाटेल हीच काहीतरी चुकीचं करतेय. आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने मागे कधीतरी डिफरन्शियलचं तेल सवडीने बदलून घ्या असं म्हटलं होतं, ते मला आठवलं. तुम्ही यंत्रांतले जाणकार, तुम्हाला डिफरन्शियल म्हणजे काय हे मी सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तरी आमच्या हिला जे सांगितलं तेच लिहितो, की मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा एक मोठा भोपळा असतो, त्यात दातेरी चक्रं असतात आणि ती तेलात बुडून फिरतात. भोपळ्याला दोन बुचं. खालचं तेल काढायला, वरचं तेल घालायला. ती म्हणाली, “मग ते गॅरेजवाल्याला माहीत असेल ना.” मी ते मनावर घेतलं नाही. भावोजी, माझा सगळा जन्म चष्म्याच्या दांड्यांचे बारीक स्क्रू पिळण्यात गेला. जो माणूस डोळ्यांना धड न दिसणारा स्क्रू बसवू शकतो त्याला अंगठ्याएवढं बूच काय जड, असा माझा हिशोब होता. शिवाय खरं सांगायचं तर सोमवारी ताई पास होऊन येईल, गाडी गुपचूप चालत असेल आणि ती म्हणेल ‘अरे, आवाज कुठे गेला?’, हे मी मनात बरेचदा घोळवलं होतं.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद केलं. गाडी जॅकवर चढवली, चारी बाजूंनी भक्कम स्टँड लावले (हे नीट केलं, एवढं तरी माझ्या बाजूने धरा), खाली जुनी चादर अंथरली आणि आत सरकलो. तेल धरायला हिच्या भाचेसुनेने ठेवायला दिलेला बाळाच्या आंघोळीचा टब घेतला. खालचं बूच दोन हिसक्यांत सुटलं. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच हिला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं, नाकाला पदर लावला आणि घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. त्या तेलाला वास येतो हे तुम्हाला ठाऊक असेल. मला नव्हतं ठाऊक. सडलेल्या अंड्यांच्या पेटीवर कोणी टायर जाळला तर येईल तसा. बाही, मान, कान, तेल सगळीकडे उतरलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत मी समाधानाने पडून राहिलो, बूच पुसून परत बसवलं आणि मग वरच्या बुचाकडे वळलो.

ते उघडेना.

शहाणा माणूस आधी वरचं बूच उघडून बघतो, भावोजी. घालायची वाट मोकळी आहे हे कळल्याशिवाय काढायच्या वाटेला हात लावत नाही. हे मला आता कळतं. वरच्या बुचाला चौकोनी खाच होती, आणि त्या मापाची किल्ली माझ्याकडे नव्हती. होती ती जरा बारीक. मी तिला चिंधी गुंडाळून घट्ट केली. चिंधी फाटली. मग पत्र्याची पट्टी घातली, किल्लीच्या टोकाला लांब नळी अडकवली आणि सगळा भार टाकला. बूच हललं नाही. खाचेचे चारी कोपरे तेवढे झिजून ती छान गोल झाली, किल्ली निसटली आणि माझं नाक सायलेन्सरवर आपटलं. (सूज ती.)

अंधार पडेपर्यंत मी सुचेल ते केलं. बूच तापवलं, ठोकलं, त्याला चुचकारलं. शेवटी वाटलं, वरून जात नाही तर खालून भरू. सायकलच्या पंपाला नळी लावून नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं आणि ते परत खाली यायच्या आत झटकन बूच लावायचं. तेल वर गेलं. ते लगेच खालीही आलं, आणि मधे मी होतो. आमची ही दारात उभी होती. आत जाऊन कपडे धुण्याचा साबण घेऊन आली आणि माझ्या हाताशी ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

गॅरेजवाल्याला फोन केला, तो बाहेरगावी, मंगळवारी येणार. दुसऱ्या एकाला केला. तो म्हणाला, गाडी घेऊन या, बघू. मी म्हटलं, घेऊन येता आली असती तर फोन कशाला केला असता? ओढून नेणारी गाडी सोमवारी दुपारनंतर मिळणार होती. ताईची परीक्षा सकाळी.

रविवारी संध्याकाळी ताई शेवटच्या सरावासाठी आली. नवीन, सपाट तळाचे बूट घालून आली होती, पॅडल नीट कळावं म्हणून. गाडी चार स्टँडवर उभी, शेजारी बाळाच्या टबात काळं तेल, आणि मी. तिने सगळीकडे एकदा बघितलं.

“उद्या चालेल का?” तिने विचारलं.

“चालेल तशी,” मी म्हटलं.

“तशी म्हणजे?”

“म्हणजे आत तेल नाही. नेली तर तिथपर्यंत जाईलही. पण मग आतली चक्रं घासून बाद होतील. मग ती गाडी कुठेच जायची नाही.”

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. (लहानपणी मी तिची शाई सांडली तेव्हा तिने मला दोन तास गच्चीवर कोंडलं होतं. तीच शिक्षा मी खुशीने घेतली असती.) तिने फक्त चप्पल काढावी तसे ते बूट काढले, दार उघडलं आणि स्टँडवरच्या त्या गाडीत चढून बसली. स्टीअरिंगवर हात ठेवले. आरसा नीट केला. डावा दिवा लावला, बंद केला, उजवा लावला. मग म्हणाली, “तू माझ्यासाठीच केलंस रे. मला माहीत आहे.” भावोजी, एवढं वाईट मला कधी कोणी बोललेलं नाही.

सोमवारी ती ड्रायव्हिंग शाळेची गाडी घेऊन परीक्षेला गेली. छोटी गाडी, क्लच पाय जरासा उचलला की सुटणारा. मी फाटकाबाहेर उभा होतो. वळणं तिने घेतली, उलटं घेतलं, सगळं नीट. चढावर थांबली. पुन्हा निघताना गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद पडली, आणि मागे घरंगळून खांबाला टेकली. परीक्षक भला होता. खाली उतरून म्हणाला, “बाई, हात चांगला आहे तुमचा. महिन्याने पुन्हा या.” गाडी दुसरी होती, हे ती त्याला बोलली नाही. परतताना बसमध्ये तिने मला विचारलं, नाक दुखतंय का.

मंगळवारी गॅरेजवाला आला. बुचाच्या गोल झालेल्या भोकावर त्याने वेल्डिंगने एक नट चिकटवला, पाना लावला, आणि बूच मुकाट्याने सुटलं. नवं बूच, नवं तेल. मग आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो. हूंऽऽ तसाच. तो म्हणाला, “हा आवाज त्याचा नाहीच. मागचा टायर एका अंगाने झिजलाय, त्याचा आहे.” म्हणजे तेल बदललं नसतं तरी चाललं असतं. हे मी अजून ताईला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ताईने गाडीचं नाव काढणं सोडलंय. किल्ली तिने माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आणून ठेवली. काल म्हणाली, जाऊ दे, ते आले की तेच चालवतील. ती हे इतक्या सहज बोलली की मला त्या दिवशीचा तेलाचा वास परत आला.

तर झालं ते असं. तुमच्या गाडीचं काही नुकसान नाही. जे झालं ते गाडीचं नव्हतं. मोठ्या मनाने क्षमा करावी, आणि पाणी पीत जा.

तुमचा मेहुणा,
ज्याला तुम्ही ‘आपला भिंगवाला’ म्हणता

ता. क. बाळाचा टब तीन वेळा धुतला. वास जात नाही. नवीन आणला आहे, पण रंग जुळत नाही. भाचेसुनेने विचारलं तर टब नेहमीच हिरवा होता असं म्हणावं.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहायचं राहून गेलं. तुम्ही ताईला एक पत्र पाठवा. गुडघा फार दुखतो, आता गाडी चालवणं मला झेपायचं नाही, तू शिकशील का, असं लिहा. कल्पना तुमचीच आहे असं वाटलं पाहिजे. तिने नाही म्हटलं तर पुन्हा लिहा. ती तुमचं ऐकते असं नाही, पण तुम्ही विनवणी केल्याचं तिने आजवर पाहिलेलं नाही, तेव्हा उपयोग होईल असं वाटतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी हे घाईने लिहितोय. ताई आत्ता दुकानात येऊन गेली. गल्ल्यातून किल्ली उचलली, “तेल आहे ना आता?” एवढंच विचारलं आणि गोदामाकडे गेली, एकटीच. परीक्षेची नवी तारीख तिने आज सकाळीच घेतली म्हणे. तेव्हा ता. क. २ रद्द समजावा, गुडघा बरा असू द्यावा. जाताना तिने टेबलावरचं पाकीट बघितलं आणि म्हणाली, “ह्यांना काय लिहायचं ते लिही. पण मी शिकतेय आणि नापास झाले, या दोन गोष्टी लिहू नकोस.” मी बरं म्हटलं.

आता पुन्हा लिहायला कागद नाही आणि टपालाची वेळ झाली आहे. म्हणून विनंती, की वरच्या पत्रातलं तेल बदलल्याचं तेवढं तुम्ही वाचलंत असं समजावं. स्टेशनबाहेर आलात की टॅक्सीवाल्याकडे जा. मग गाडी दिसली की तोंड तसंच करा, जसं ती करून दाखवते. तिच्या शेजारी बसा. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, तर श्वास सोडू नका. खिडकीबाहेर बघा. ती पुन्हा चालू करील.